डीकनकडे आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मी हिशेब बघते. तिथल्या एका सहकारी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला विचारलं, "महिन्यातल्या एका शनिवारी तुम्ही चर्चमध्ये जाता. त्या दिवशी प्रार्थना नसते म्हणता, मग असतं काय?" मी म्हटलं, "मार्गदर्शन." त्या म्हणाल्या, "कसलं? मुलाच्या शिक्षणाचं?" मला पटकन सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात आजऱ्याहून मामेबहिणीचा फोन आला. ती जन्माची कॅथलिक, त्यामुळे तिचा प्रश्न वेगळा होता. "डीकनकडं जातेस म्हणे. ते अजून फादर झालेले नाहीत. त्यांच्याकडं कुमसार केलेलं चालतं का?"

दोघींचे प्रश्न एकत्र केले की हा विषय बहुतेक पुरा होतो. म्हणून नीट लिहायला बसले.

आधी बहिणीचं उत्तर, कारण ते लहान आहे. चालत नाही. कुमसार, म्हणजे पुस्तकी मराठीत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार, फक्त बिशप किंवा फादर देऊ शकतात. पापांची क्षमा उच्चारण्याचा अधिकार डीकनला, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाला, नाही. पण मी जे करायला जात होते ते कुमसार नव्हतंच. हा फरक आमच्याच माणसांना माहीत नसतो, तर बाकीच्यांना कुठून असणार?

कुमसारात आपण पाप सांगतो, पश्चात्ताप करतो, क्षमा मिळते. पाच-दहा मिनिटांचं काम. आध्यात्मिक मार्गदर्शनात पापापुरतं बोलणं नसतं. प्रार्थनेला बसल्यावर काय होतं, कधी मन लागतं, कधी उठून जावंसं वाटतं, कुठल्या गोष्टीने आतून बळ येतं आणि कुठल्या गोष्टीने सुकून जायला होतं, घरातल्या एखाद्या निर्णयात देव मला कुणीकडे बोलावतोय असं वाटतं, हे सगळं एका विश्वासू माणसासमोर मोठ्याने बोलायचं. तो माणूस ऐकतो, मधूनच एखादा प्रश्न विचारतो, बायबलमधला एखादा उतारा सुचवतो. साधारण पाऊण तास, महिन्यातून एकदा. फी नसते.

ही रीत फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे साधक होते. तरुण मुलं पायपीट करून त्यांच्याकडे जायची आणि एकच मागणं मागायची, "बाबा, मला एखादा शब्द द्या." तो एक शब्द घेऊन ती परत जायची आणि महिनोन्महिने त्यावर जगायची. वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही हे परकं वाटू नये.

तरीही 'गुरू' हा शब्द मी इथे वापरत नाही. गुरूला शरण जायचं असतं, त्याचा शब्द प्रमाण मानायचा असतो. कॅथलिक मार्गदर्शकाची जागा वेगळी आहे. कोल्हापूरकरांना सांगायचं तर आधी मला तालमीतले वस्ताद आठवले. पैलवान मातीत असतो, वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहतात, नजर पायांवर असते. कुस्ती पैलवानाचीच. पण वस्ताद ओरडून डाव सांगतात, आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाने तेही करायचं नसतं. त्याहून नेमकी उपमा संत इग्नाशियस लोयोला यांनी दिली आहे, तराजूची. ते म्हणतात, मार्गदर्शकाने मधोमध स्थिर राहावं, एका बाजूला झुकू नये, आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट वागू द्यावं. गुजरीत सोनाराच्या दुकानात ज्यांनी काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आहे त्यांना हे लगेच कळेल. वजन तुमच्या सोन्याचं असतं. सोनाराने काट्याला बोट लावलं तर तुम्ही त्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

इग्नाशियस यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आज या मार्गदर्शनात वापरतात त्यातलं पुष्कळ काही त्यांच्याकडून आलं आहे. ते स्पेनमधले शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि घरी अंथरुणावर पडून राहिले. करमणुकीला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, पण घरात ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र तेवढं मिळालं. पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची, कुणा राजस्त्रीची मर्जी मिळवण्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण ती ओसरली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असे विचार यायचे तेव्हाही आनंद व्हायचा, आणि विचार संपल्यावरही तो आनंद टिकायचा. दोन्हींची सुरुवात गोड होती, फरक मागे उरणाऱ्या चवीत होता. मनातल्या हालचाली अशा पारखण्याला कॅथलिक परंपरेत विवेक म्हणतात. पुढे इग्नाशियस यांनी या अनुभवातून साधनेची एक पुस्तिका तयार केली आणि १५४८ साली पोपनी तिला मान्यता दिली.

आता यातली माझ्या विषयाला लागू पडणारी गोष्ट. इग्नाशियस यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली १५३७ साली. त्याआधी कितीतरी वर्षं ते लोकांना ही साधना शिकवत होते, साधा प्रापंचिक माणूस म्हणून. चर्चच्या चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना त्यासाठी तुरुंगातही ठेवलं. त्यांच्याही आधीच्या सिएनाच्या संत कॅथरीन तर धर्मगुरू नव्हत्या, मठात राहणाऱ्या सिस्टरही नव्हत्या, तरी मोठमोठे लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. म्हणजे मार्गदर्शन करण्याची देणगी दीक्षेबरोबर आपोआप मिळत नाही, आणि दीक्षा नसली म्हणून ती अडतही नाही. फादर, सिस्टर, डीकन किंवा मुरलेला प्रापंचिक माणूस, यांपैकी कुणीही चांगला मार्गदर्शक असू शकतो. कुणीही वाईटही असू शकतो.

मग डीकन म्हणजे कोण? कोल्हापुरात हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा होतो. इथे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी प्रोटेस्टंट मंडळी आठवतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कॅथलिक त्या मानाने थोडे, बरेचसे आजरा-गोव्याकडून पोटापाण्यासाठी शहरात आलेले. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये डीकन म्हणजे बहुधा सभासदांतून निवडलेला सेवक, जो दानाचा, गरजूंना मदत पोचवण्याचा कारभार पाहतो. कॅथलिक डीकन हा निवडून आलेला पदाधिकारी नसतो. त्याला बिशप दीक्षा देतात. बिशप, फादर आणि डीकन या दीक्षेच्या तीन पायऱ्या, त्यातली ही तिसरी.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच सेवक. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात गोष्ट आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, त्यावरून कुरकुर सुरू झाली. तेव्हा सात जणांना त्या कामासाठी नेमलं गेलं. त्यातले एक स्तेफन, ख्रिस्तसभेचे पहिले हुतात्मे. परंपरेने डीकनपदाचं मूळ या सात जणांत पाहिलं जातं. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटतं, की या पदाची सुरुवात कुणाच्या तरी ताटात भाकरी पडली नाही या तक्रारीतून झाली.

पुढे शेकडो वर्षं पश्चिमेकडच्या चर्चमध्ये डीकनपद म्हणजे फादर होण्याआधीचा एक थांबा एवढंच उरलं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू करायची वाट मोकळी केली आणि १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचे नियम घालून दिले. तेव्हापासून डीकन दोन प्रकारचे. एक, सेमिनरीतून, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयातून, शिकून फादर होण्याच्या वाटेवर असलेले. त्यांना निदान सहा महिने डीकन म्हणून राहावं लागतं. दुसरे कायमचे डीकन, आणि यांत विवाहित पुरुषही असू शकतात. विवाहिताचं वय किमान पस्तीस हवं आणि बायकोची संमती लागते. भारतात असे कायमचे डीकन फार कमी आहेत. मुंबईत आहेत. आपल्याकडे तुम्हाला भेटेल तो बहुतेक पहिल्या प्रकारचा, तिशीच्या आत-बाहेरचा, पुण्याच्या रामवाडीतल्या पेपल सेमिनरीसारख्या ठिकाणाहून शिकून आलेला तरुण. लोक सेमिनरीतल्या सवयीने त्यांना ब्रदरच म्हणतात.

डीकन बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, शुभवर्तमान वाचतात, प्रवचन देतात, अंत्यविधी चालवतात, आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. मिस्सा अर्पण करत नाहीत, कुमसार ऐकत नाहीत, आजाऱ्याला तेललेपनाचा संस्कार देत नाहीत. वेदीजवळ ओळखायचं असेल तर गळ्यातला पट्टा बघा. फादरांचा दोन्ही खांद्यांवरून समोर सरळ येतो, डीकनचा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरका जातो. दीक्षेच्या वेळी फादरांच्या डोक्यावर बिशपांपाठोपाठ हजर असलेले सगळे फादर हात ठेवतात. डीकनच्या डोक्यावर फक्त बिशप ठेवतात. जुन्या परंपरेने त्याचं कारण असं दिलं आहे की याची दीक्षा याजकपणासाठी झालेली नाही, सेवेसाठी झाली आहे.

इतकं सगळं मला पुढे कळलं. मी गेले तेव्हा माझी गरज वेगळीच होती.

वडिलांच्या जमिनीवरून माझं आणि थोरल्या भावाचं बोलणं तुटून चार वर्षं झाली होती. प्रभूची प्रार्थना मी रोज म्हणते. तीत क्षमेची ओळ येते, जसे आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, अशा अर्थाची. त्या ओळीशी आले की माझा आवाज बंद व्हायचा. मिस्सात शेजारच्या बाईला कळू नये म्हणून मी ओठ हलवत राहायचे. हळूहळू जपमाळ सुटली, मग रविवारी गायनाला उभं राहणं नकोसं झालं. गायनातून नाव काढून घ्यायचं मी मनाशी ठरवलं होतं, आणि ते सांगायलाच चर्चमध्ये गेले होते. फादर कुणाच्या तरी घरी गेलेले. डीकन व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत बसले होते. मी निरोप ठेवून निघणार होते, पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

मी सगळं सांगितलं. आता हे म्हणणार, ताई, क्षमा करून टाका, याची मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या ओळीशी थांबता तेव्हा नेमकं काय होतं? राग येतो, की भीती वाटते, की रडू येतं?" चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लाज वाटते." ते ऐकून मी स्वतःच चकित झाले. मला आजवर तो राग वाटत होता.

मार्गदर्शन म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. उत्तर माझ्याकडेच होतं. पण एकटीने शोधलं असतं तर मी रागाभोवतीच फिरत राहिले असते.

दुसऱ्या भेटीत त्या लाजेचं कारण निघालं. वाटणीच्या वेळी एक कागद मी भावाला दाखवायचा टाळला होता. मी ते सांगायला लागले तसे डीकननी हात वर केला. "ताई, ऐकायला माझी ना नाही. पण याची पाप म्हणून क्षमा हवी असेल तर ती माझ्या हातात नाही. हे फादरांकडे न्या. तुमच्या ओळखीचे नको असतील तर दुसऱ्या गावच्या फादरांकडे जा. परत आलात की पुढचं बोलू." मी पुढच्या रविवारी एसटीने गडहिंग्लजला गेले आणि तिथे कुमसार करून आले.

लोक म्हणतात, डीकनला हे जमत नाही, मग अर्ध्या माणसाकडे कशाला जायचं? माझा अनुभव उलट आहे. ज्याला आपली मर्यादा ठाऊक आहे आणि जो ती वेळेवर सांगतो, त्याच्याकडे माणूस निर्धास्त बोलतो. शिवाय दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत राहिल्यामुळे मला कळलं की माझ्या प्रश्नातला किती भाग पापाचा होता आणि किती दुःखाचा. पापाचा भाग एका रविवारी मिटला. दुःखाला अजून वेळ लागतो आहे.

गायनाचं काय झालं? त्यांनी मला इग्नाशियस यांचा एक नियम सांगितला. मन कोरडं, अंधारलेलं असेल त्या काळात आधी चांगल्या मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. अंधार सरेपर्यंत थांबायचं, उलट प्रार्थनेचा वेळ थोडा वाढवायचा. गायन सोडू नका असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोडायचं तर सोडा, पण आज नको." मी आजही गाते.

गुप्ततेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कुमसाराची गुप्तता कुठल्याही कारणाने मोडता येत नाही. ती मोडणारे फादर तत्क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतात, इतकी ती कडक आहे. मार्गदर्शनातली गुप्तता गंभीर जबाबदारी आहे, पण तो संस्कार नाही. लहान मुलाला धोका असेल, कुणाच्या जिवावर बेतत असेल, तर डीकनला गप्प राहता येणार नाही आणि राहूही नये. पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या. जो विचारल्यावर रागावेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

तरुण डीकनकडे जावं का, यावर माझं मत सरसकट हो असं नाही. प्रार्थना पुन्हा सुरू करायची आहे, मन कुठे अडलं आहे ते कळत नाही, अशा वेळी जरूर जावं. त्यांचं शिक्षण ताजं असतं, सेमिनरीत त्यांना स्वतःला वर्षानुवर्षं मार्गदर्शक असतो, त्यामुळे ऐकून घेणं म्हणजे काय हे ते अंगाने शिकलेले असतात. पण मठात जायचं का, मोडकळीला आलेला संसार टिकवायचा का, असे आयुष्याला वळण देणारे प्रश्न असतील तर मुरलेला माणूस शोधावा. अविलाच्या संत तेरेसा यांनी तर लिहून ठेवलं आहे की अर्धवट शिकलेल्या मार्गदर्शकांनी त्यांचं फार नुकसान केलं, खऱ्या विद्वानाने कधी केलं नाही. आणि बायकांना मी आवर्जून सांगेन, आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमधल्या वयस्कर सिस्टरांचा विचार आधी करा. चाळीस वर्षं रोज प्रार्थना केलेली बाई समोर बसली की अर्ध्या गोष्टी बोलाव्याच लागत नाहीत. आपण त्यांना शाळेच्या प्रवेशापुरतं ओळखतो, याचं मला वाईट वाटतं.

भेट कुठे होते हेही बघा. आमच्या भेटी व्हरांड्यातच झाल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा. आवाज ऐकू जाणार नाही, पण माणसं दिसतील अशी जागा दोघांच्याही भल्याची. मार्गदर्शकाने आज्ञा पाळण्याचं वचन मागितलं, पैसे मागितले, घरच्यांपासून लपवायला सांगितलं, किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून प्रार्थना करा म्हणाला, तर उठून यावं. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. मार्गदर्शन त्याबरोबर चालू शकतं, त्याच्या जागी नाही.

सुरुवात कशी करायची याची चिंता करू नये. मिस्सा संपल्यावर बाहेर थांबून, "मला माझ्या प्रार्थनेबद्दल बोलायचं आहे, महिन्यातून एकदा वेळ द्याल का?" एवढं म्हटलं की पुरे. फादरांच्या कानावर घालावं, डीकन त्यांच्याच देखरेखीखाली असतात. जाण्याआधी आठवड्यात दहा मिनिटं शांत बसून, या दिवसांत कुठे जीव लागला आणि कुठे उडाला, हे दोन ओळींत लिहून न्यावं. काहीच सुचलं नाही तर 'काही सुचलं नाही' हेच सांगावं. मी दोनदा तसंच गेले होते.

एक अडचण मात्र टळत नाही. डीकन राहत नाहीत. कोल्हापूर जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो, बिशप सावंतवाडीला असतात, आणि नेमणुका तिथून ठरतात. आमचे डीकन आठ महिन्यांनी त्यांच्या दीक्षेची पत्रिका घेऊन घरी आले. आईने त्यांना चहा दिला आणि पहिल्यांदा "फादर" म्हणाली. त्यांनी हसून, अजून नाही, म्हणून सांगितलं. मी विचारलं, "आता मी कुणाकडे जाऊ?" त्यांनी एका सिस्टरचं नाव सुचवलं, पण माझ्याबद्दल त्यांना काही कळवणार नाही हेही सांगितलं. मार्गदर्शक बदलला की पाटी पुन्हा कोरी असते, आधीचा माणूस पुढच्याला काही कळवत नाही.

सिस्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणूनच सगळं पुन्हा सांगावं लागलं. जमीन, कागद, गडहिंग्लजची खेप. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग आता त्या ओळीशी आलं की काय होतं?" मी म्हटलं, "आवाज येतो. पण ओळ संपल्यावर भावाचा चेहरा दिसतो." त्या म्हणाल्या, "कसा दिसतो?" त्यावर आम्ही तो पाऊण तास बोललो.